राखणदाराचा स्टॉप

मोटरीवर उमर काढली की दोन गोष्टी माणसाला चिकटतात, पेट्रोलचा वास आणि किस्से. वास आंघोळीने जातो. किस्से जात नाहीत, उलट भिजत घातलेल्या वालांसारखे फुगतात! कुणी म्हणतो, "दादा, एक सांगा," की मागचे सगळे किस्से दारात धक्काबुक्की करायला लागतात.

हे सगळे आमच्या रत्नागिरी-राजापूर मोटरीचे. तेव्हा एस्टी-बिस्टी काही नव्हती. मालक अप्पासाहेब, पुण्याला शिकून आलेले, सुधारक. ड्रायव्हर गणू, पहिल्या मोठ्या लढाईत इराकात बसऱ्याला लॉरी चालवून आलेला. आणि हँडल मारून इंजिन चालू करायला, टपावर सामान चढवायला मी.

टपालाची थैलीही आमच्याकडेच. अप्पासाहेबांनी गणूला बजावलं होतं, "थैली राजापूरला कचेरी उघडायच्या आत पोचली पाहिजे. उशीर झाला तर टपालाचं काम जाईल, आणि त्याच्या आधी तू जाशील!"

गणूच्या घरी खाणारी तोंडं भरपूर, मिळवता तो एकटा. पण रस्त्यात देव किती, सांगा!

*

पहिली फेरी. मोटर बाजारात उभी, पासिंजर लांब उभे. कुणी चढेना.

"नारळ कुठाय?" पासिंजरांनी विचारलं.

अप्पासाहेब म्हणाले, "हे यंत्र आहे. पेट्रोलवर चालतं, नारळावर नाही."

एक म्हातारी म्हणाली, "मग त्या पेट्रोललाच बसव आत. आम्ही जातो चालत!"

गणू धावत जाऊन नारळ घेऊन आला. मोटरीसमोर उभा राहिला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ही परमुलखातली मशीन तुझ्या पायाशी आली हाय. हिच्या ब्रेकात तू बस, चाकात तू बस, नि आत बसतील त्यांना ओकारी नको होऊ देस म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले आणि धडाधड चढले.

मी अप्पासाहेबांपुढे खोबऱ्याचा तुकडा धरला. इकडेतिकडे बघून त्यांनी तोंडात टाकला. म्हणाले, "प्रसाद म्हणून नाही हं. खोबरं पौष्टिक असतं."

*

एकदा लांज्याच्या अलीकडच्या गावचे गावकर, म्हणजे देवळाचे मानकरी, देवाचा चांदीचा मुखवटा घेऊन आले. सोनाराकडे पॉलिश करून आणला होता. मुखवटा मखमलीत गुंडाळून पुढच्या सीटवर मांडला आणि स्वतः शेजारी हात जोडून बसले.

गणू म्हणाला, "गावकरांनू, देवाचं तिकीट?"

"देवाला तिकीट? अरे, तोंड हाय की काय तुझं!"

"सीट अडवली ना त्यानं! फुल काढू की हाफ? वय काय देवाचं?"

"अनादि!"

"मग फुल."

मी मधे पडलो. म्हटलं, "गावकर, भांडू नका. मांडीवरचं पोर फुकट नेतो आम्ही. देवाला मांडीवर घ्या."

"मांडीवर? मी काय देवाचा बापूस?"

शेवटी गावकरांनी फुल तिकीट काढलं. वर गणूला दम दिला, "देवाच्या तिकिटाला भोक पाडू नकोस!"

*

घाट चढून गेलो की इंजिन तापायचं. एका उन्हाळ्यात असं तापलं की पुढच्या टाकीतनं नुसती वाफ. आजूबाजूला कातळ, पाण्याचा थेंब नाही. थैलीला उशीर होतोय म्हणून गणू घामाघूम.

मोटरीत दोघांकडे पाणी होतं. भटजींकडे काशीहून आणलेला गंगेचा गडू, आणि हाजचाचा म्हणून पूर्णगडचे जुने खलाशी होते, त्यांच्याकडे मक्केहून आणलेली जमजमची बाटली. दोघंही छातीशी धरून बसलेले.

गणूने हात जोडले. भटजी म्हणाले, "गंगा काय मोटरीच्या पोटात घालायची?" चाचा म्हणाले, "तोबा!"

मग मी भटजींच्या कानाला लागलो. "हाजचाचा देतायत हो. त्यांच्या पाण्यावर चालली, तर उद्यापासून मोटर त्यांची म्हणतील लोक."

तसाच फिरून चाचांच्या कानाला लागलो. "भटजींनी झाकण उघडलं बघा."

दोघं एकदम उठले! टाकीपाशी ही ढकलाढकली! "आधी माझं!" "हटा भटजी, आधी माझं!" शेवटी गणूने दोन्ही एकदम ओतायला लावली.

मोटर पहिल्या हँडलला चालू झाली. भटजी चाचांना म्हणाले, "गंगेचा गुण बघितलात?" चाचा म्हणाले, "भटजी, गंगेला सोबत कुणाची होती ते नाय बघितलंत?"

*

हा जरा वेगळा. पलटणीतले एक पेन्शनर हवालदार होते, महारवाड्यातले. छातीवर बिल्ले, मिशी झोकदार. तिकीट काढून पुढच्या बाकावर बसले. मागून एक इनामदार चढले आणि दारातच थबकले.

"ह्याला टपावर बसव."

गणू म्हणाला, "टपावर आंब्याच्या पेट्या हायत. आणि तिकिटावर जात छापायचं अजून मशीन आलं नाय."

"मग मी उतरतो!"

"उतरा की. टाइम होतोय माझा."

इनामदारांनी बाहेर बघितलं. दुसरी मोटर थेट उद्या. आत दुसरी जागा नव्हती. हवालदारांच्या शेजारी अंग चोरून बसले आणि म्हणाले, "मी डोळे मिटून बसतो. दिसलं नाही की लागत नाही."

डोळे मिटले ते मिटलेच. पालीच्या पुढे इनामदार घोरायला लागले आणि डोकं हवालदारांच्या खांद्यावर! पगडी घसरून त्यांच्या मांडीत. मी उठवायला हात पुढे केला.

हवालदार कुजबुजले, "राहू दे रे. इतकं धरून बसायचं म्हणजे माणूस दमतो."

राजापूर येईपर्यंत खांदा हलवला नाही त्या माणसाने.

*

आता राखणदाराचं. घाटातल्या वळणावर वडाखाली राखणदाराचं, म्हणजे वाटेची राखण करणाऱ्या देवाचं, ठाणं होतं. तिथे मोटर थांबायची म्हणजे थांबायचीच. पासिंजर उतरायचे, नारळ फोडायचे, गाऱ्हाणी घालायचे. एकाला लग्न जमवायचं, एकाला दावा जिंकायचा, आणि थैली आपली टपावर वाट बघत बसलेली!

टपाल खात्याची तक्रार आली. अप्पासाहेब लाल झाले. "गणू, उद्या मी स्वतः येतो. मोटर तिथे थांबली तर परत स्टेअरिंगला हात लावायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी ठाणं आलं. पासिंजर ओरडतायत, "थांब! थांब!" अप्पासाहेब ओरडतायत, "चल! चल!" गणूने दात आवळले आणि मोटर पुढे काढली.

फाट्! पंक्चर.

सगळे अप्पासाहेबांकडे बघायला लागले. अप्पासाहेब म्हणाले, "टायर जुना होता."

एक पासिंजर म्हणाला, "राखणदार त्याहून जुना हाय!"

गुरव आला. लोक म्हणाले, कौल लावा, देवालाच विचारा, मोटरीने रोज थांबायचं की नाही. अप्पासाहेब चिडून म्हणाले, "विचारा! हल्ली सगळ्यांना मत असतं, त्यालाही असू दे!"

गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर थांबायचं, डावी पडली तर जायचं. एकही पडेना! गणूने चाक बदललं, मी नट आवळले, तरी पाकळ्या तशाच. अप्पासाहेब एकदा घड्याळ बघतायत, एकदा पाकळ्या.

गणूचा धीर सुटला. मोटरीत चढला आणि रबरी भोंगा जीव खाऊन दाबला. पोंऽऽऽ!

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरवाने डोकं खाजवलं, अप्पासाहेबांकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि हात जोडून म्हणाला, "देव सांगतो, थांबू नको. पण भोंगा वाजवल्याबिगर जाऊ नको!"

"होय म्हाराजा!"

राजापूरला पोचलो तेव्हा कचेरी कधीच उघडली होती. अप्पासाहेबांनी घड्याळ गणूच्या तोंडासमोर धरलं आणि खिशात टाकलं.

परतीला एकही पासिंजर नाही. मागच्या बाकावर एकटे अप्पासाहेब, पुढे गणू आणि मी. गणूचा चेहरा मेल्यासारखा. मला हळूच म्हणाला, "नोकरी गेलीच हाय, आता कसला देव नि कसला भोंगा." ठाणं आलं. गणूने मान वळवली नाही, मोटर तशीच पुढे काढली.

मागनं आवाज आला, "गणू! भोंगा!"

आम्ही दोघांनी वळून बघितलं. अप्पासाहेब बाक घट्ट धरून बसले होते.

"मोटर मागे घे," म्हणाले. "आणि पुन्हा विसरलास तर नोकरीवरून काढीन!"