सायराकानचा समोरचा दात

सायराकानने तिसरा कोमुझही कादिरकुलच्या ऐरणीवर आपटला. “हाही खरखरतोय! लोखंड काय फुटक्या बादलीचं वापरतोस?”

अट-बाशी गावच्या लोहाराला असं फैलावर घ्यायचा हक्क तिचाच. तेमिर कोमुझ म्हणजे बोटभर लोखंडी वाद्य. समोरच्या दातांना टेकवायचं, मधली पोलादी पट्टी बोटाने छेडायची आणि तोंडात सूर घुमवायचा. कादिरकुल कोमुझ घडवायचा झकास, पण त्याचे पुढचे दात कधीच गेलेले. म्हणून बारा वर्षं प्रत्येक नवा कोमुझ आधी सायराकान वाजवून बघे. शाळेतल्या मुलींना शिकवायचीही तीच. कोमुझ म्हणजे तिचा जीव की प्राण.

“पुन्हा वाजव बघू,” तो म्हणाला. तिने वाजवला. कान देऊन ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

“एजे,” थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं तो म्हणाला, “लोखंडात खोट नाही. तुझा दात हलतोय.”

“मेल्या, तोंड सांभाळ!”

“दात घासताना रक्त येतं?”

“ते काय आजचं आहे? चार बाळंतपणं झालीत माझी. यायचंच.”

“माझं एकही झालेलं नाही,” कादिरकुल म्हणाला. “तरी यायचं. मग असंच खरखरायला लागलं. मीही वर्षभर लोखंडालाच शिव्या घातल्या.”

दुसऱ्याच दिवशी सायराकानने नारिन शहराची गाडी पकडली.

दातांची डॉक्टर नुरझात वयाने लेकीएवढी, पण बोलायला फटकळ. तिने हिरड्यांखाली साचलेला कीटणाचा थर खरवडून काढला आणि विचारलं, “आपा, तहान फार लागते का हो?” रक्त तपासलं तर साखर चढलेली. “हिरड्या सुजल्या की साखर चढते, साखर चढली की हिरड्या आणखी सुजतात. एकीला सोडून दुसरीला आवरता येत नाही.”

“दात वाचेल का, ते सांग.”

“हिरडीने धरला तर वाचेल. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेने, रोज दोनदा. दातांच्या फटीत दोरा. साखरेच्या गोळ्या. आणि चहाबरोबरचा मुरंबा बंद.”

सून बातकेनहून पाठवायची तो जर्दाळूचा मुरंबा! सायराकानने डॉक्टरणीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बरणी शेजारणीला देऊन टाकली. ब्रशवर रक्त दिसायचं हळूहळू थांबलं. नुरझातने दोनदा हिरड्या तपासल्या, साखरही उतरली. पायऱ्या चढताना लागणारा दम कमी झाला, याचं तर तिलाच नवल वाटलं.

बर्फ वितळल्यावर ती भट्टीवर आली. तोच तिसरा कोमुझ खुंटीला लटकत होता. तिने तो दातांना टेकवला आणि छेडला. सूर स्वच्छ, लांबवर गेला. तिला इतका आनंद झाला की ती थांबेचना.

कादिरकुल भट्टीकडे तोंड फिरवून बसला.

“काय रे? आता काय बिघडलं?”

“काही नाही.” त्याने काजळलेल्या हाताने डोळे पुसले. “मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, एजे.”

सायराकानने कोमुझ खुंटीला लटकवला.

“दाढा आहेत ना अजून?” तिने विचारलं. “मंगळवारी माझ्याबरोबर नारिनला यायचं. रक्तही तपासायचं. आणि चहात तीन-तीन चमचे साखर घालतोस, ते मी सांगणार आहे तिला.”

“दोनच घालतो,” कादिरकुल म्हणाला, आणि टोपी कुठे ठेवली ते शोधायला लागला.

“अरे, मंगळवारी म्हटलं मी,” सायराकान म्हणाली.