कोहळं सडकं नव्हतं

सेलू तालुक्यातल्या ज्या गावात मी मुख्याध्यापक होतो, तिथल्या शाळेत आजही पोरांच्या जेवणात गावच्याच शेतातली भाजी असते. हे सुरू केल्याबद्दल माझं अजून कौतुक होतं. कार्यक्रम असला की मी आता राहतो त्या सिंदी मेघेहून मला बोलावतात, पुढे बसवतात. माझ्याबद्दल तिथे जे सांगतात ते बहुतेक खरं आहे, एका कोहळ्याची गोष्ट सोडून. ती मीच खोटी सांगितली होती. गेल्या महिन्यात ती दुरुस्त करून आलो. बोलणं हवेत विरून जातं, म्हणून आता लिहूनही ठेवतो.

शाळेला तांदूळ आणि डाळ सरकारकडून यायची, भाजी आम्ही बघायची. ती यायची बाजारातून, दोन दिवसांची सुकलेली पत्ताकोबी. गावात विहिरी होत्या, ओलीत होतं, पण जिकडे तिकडे कापूस, तूर आणि सोयाबीन. मी घरोघर जाऊन म्हणायचो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार वेल लावा, विहिरीजवळ दोन वाफे पालक टाका, शाळा घेईल.

"सर, रानडुकरं काय गुरुजीची भाजी हाय म्हून सोडून देतीन?" असं एकाने विचारलं आणि सगळी बैठक हसली. पण हसलेल्यांपैकी पाच-सहा जणांनी लावली.

त्यात सगळ्यात आधी भाजी आणली ती प्रश्न विचारणाऱ्यानेच. साडेतीन एकरांचा हा माणूस बोलायला तिखट होता. पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "उद्या सांबार आणतो." मी मूळचा सातारा भागातला. मी पोरांना सांगून टाकलं की उद्या सांबार आहे, आणि रात्री बायकोला विचारत बसलो की एवढ्या पोरांना इडल्या कशा पुरवायच्या. सकाळी तो कोथिंबिरीचा भारा घेऊन हजर. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कित्येक दिवस तो मला भेटला की विचारायचा, "काय सर, इडल्या झाल्या का?"

दिवाळीनंतर त्याच्याकडून पहिलं कोहळं आलं. कोहळं म्हणजे तांबडा भोपळा. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई बौद्ध होत्या, हाताला चव होती, आवाज मोठा होता. त्यांनी कोहळं ओट्यावर ठेवलं, सुरी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सर, घाला एक घाव."

मला वाटलं, उद्घाटन आहे. मी चपला काढून, जरा गंभीर चेहरा करून सुरी चालवली. बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग समजावून सांगितलं. इकडे अख्खं कोहळं बाईमाणूस चिरत नाही. पहिला घाव पुरुषाने घालायचा, मग बाईने पुढचं बघायचं. "मी नाई मानत सर. माह्या घरी मीच कापते. पण इथं गावाची पोरं जेवतेत. लोकं पाहातेत."

तेव्हापासून कोहळ्याच्या दिवशी पहिला घाव मी घालायचा असं ठरलं.

एका मंगळवारी मी सेलूला बैठकीला गेलो. लवकर परत येतो म्हणालो होतो. बैठक संपल्यावर ओळखीचे भेटले, चहा झाला, गप्पा झाल्या. कोहळ्याचा दिवस आहे हे मी पार विसरलो. दुसरे शिक्षक रजेवर होते. बाईंनी वाट पाहिली, पोरं ताटल्या वाजवायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच सुरी घातली. कोणीतरी खिडकीतून पाहिलं. मी पोचलो तेव्हा फाटकात दहा-बारा माणसं उभी होती, काही आया आपापल्या पोरांचे हात धरून होत्या, आणि शाळा समितीचे अध्यक्ष मधोमध.

"कोहळं कोणी कापलं?" अध्यक्षांनी विचारलं. मग लगेच, "ही बाई बदला सर. आमाले दुसरी पाह्यजे."

कोहळं हे निमित्त होतं, हे मला कळत होतं. ती बाई चुलीजवळ नको, असं त्यातल्या काहींचं आधीपासूनच होतं. उघड बोलायला तोंड नव्हतं, आता मिळालं होतं. नवरा गेल्यावर बाई याच नोकरीवर आपल्या दोन पोरींचं शिक्षण करत होत्या. बाई दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "कोणी कापलं हा प्रश्नच नाही. कोहळं आतून सडकं निघालं. पोरांना वाढायचंच नाहीये."

आणि ते खरं दिसावं म्हणून मी भाजीचं अख्खं पातेलं शाळेमागच्या खड्ड्यात ओतायला लावलं. लोक जरा थांबले, कुजबुजले आणि पांगले. सडक्या कोहळ्यावर कोण भांडणार? बाईंची नोकरी वाचली. तेवढ्याने मी स्वतःला शहाणा समजलो.

ते कोहळंही त्या सांबारवाल्या शेतकऱ्याचंच होतं, आणि संध्याकाळी चौकातल्या चहाच्या हॉटेलात त्याला नाव पडलं होतं, 'सडकं कोहळं'. आमच्या गावात पडलेलं नाव निघत नाही. तो शाळेत आला, मला म्हणाला, "सर, वेलीवर तं चांगलं दिसे." मी म्हणालो, "होतं कधी कधी असं." त्याने मान हलवली. त्यानंतर त्याने शाळेला भाजी दिली नाही. बाकीचे देत राहिले, वाढत गेले, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा आल्या, पालक आला, शनिवारी पोरं शेतात तोडायला जायला लागली. त्याच्या मुलाला शाळेत 'कोहळ्याचा' म्हणायचे. मी ऐकायचो आणि पुढचा धडा काढायचो.

यंदा नव्या मुख्याध्यापकांनी भाजी देणाऱ्यांची आणि पालकांची सभा घेतली. मी पुढे बसलो होतो. नवे सर चांगले, मनापासून काम करणारे गृहस्थ. ते म्हणाले, आलेलं प्रत्येक फळ चिरून बघूनच घ्यायचं, कारण मागे एकदा अमुक यांचं सडकं कोहळं आलं होतं. नाव घेऊन सांगितलं. माझं खोटं आता शाळेचा नियम झालं होतं. लोक हसले. तो सभेला नव्हता, पण त्याची सून मागे बसली होती. ती उठून गेली.

मी आधी बाईंकडे गेलो. त्या आता स्वयंपाक करत नाहीत, मुलीकडे असतात. विचारलं, खरं काय ते गावाला सांगू का?

"सांगा न सर. आता मले कोण काढते?" मग म्हणाल्या, "मी बी गप्प रायली. तो रस्त्यात भेटला का मी खाली पाहो."

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर कदाचित विषय बदलला असता.

त्याचे हात थांबले. "म्हंजे कोहळं चांगलं व्हतं?"

"चांगलं होतं."

"आन् तुमी त्या बाईसाठी बोल्ले."

"हो."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?" आवाज चढला. "मले इचारलं असतं तं मीच म्हटलं असतं, हाय बाप्पा सडकं, माहंच हाय! चौकात उभा राहून म्हटलं असतं. पण तुमी मले इचारलंच नाई. मी वेल उपटून टाकला सर. मले वाटलं माही जमीनच खराब झाली."

मी माफी मागितली. त्याने ती घेतली की नाही ते कळलं नाही. शेंगा बाजूला सारून चपला घातल्या आणि म्हणाला, "मले सांगून काय फायदा? चला चौकात. नाव तिथं पडलं हाय."

हॉटेलात सकाळची गर्दी होती. जुने अध्यक्षही होते, आता काठी घेऊन. मी सगळ्यांसमोर सांगितलं, खड्ड्यात ओतलेल्या पातेल्यासकट.

अध्यक्षांनीच विचारलं, "म्हंजे बाईनंच कापलं व्हतं?"

"बाईंनीच. आणि मी वेळेवर आलो नाही म्हणून."

ते काठीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता माह्या घरी सूनच कापते. मले इचारत बी नाई." आणि मग, हळू, "त्या दिवशी आमी चुकलो."

मागून एक जण ओरडला, "म्हंजे सडकं कोहळं सरच हायेत!"

हॉटेल असं हसलं की मीही हसलो. छातीवरून कोणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. सगळ्यात मोठ्याने हसत होता तो, ज्याने ते नाव इतकी वर्षं वागवलं. नव्या मुख्याध्यापकांना मी तिथूनच फोन लावून दिला. त्यांनी त्याची माफी मागितली, आणि तो त्यांना म्हणाला, "चिरून पाहाचा नियम राहू द्या जी, तो चांगला हाय. फक्त माहं नाव काढा."

बसस्टॉपपर्यंत तो माझ्याबरोबर आला. बस दिसली तेव्हा त्याने विचारलं,

"फेकाच्या आधी तुमी खाल्ली व्हती का भाजी?"

"एक घास. पातेल्याजवळ उभा राहून."

"मंग?"

"गोड होती."

त्याने मान हलवली, आणि बसला हात केला.