शीडवाले अण्णा

अण्णा उजवा हात असून नसल्यासारखा वागवायचे. हात चांगला धडधाकट होता, कात्री चालवून घट्टे पडलेला. पण तो होडीच्या सुकाणूवर आहे असं धरून चालायचं आणि बाकीचं सगळं डाव्यानं उरकायचं, असा त्यांचा सराव चालू होता. शर्टाची बटणं डाव्या हातानं, केळं सोलायचं डाव्या हातानं, आणि गिऱ्हाइकाचं माप घेताना टेपचं एक टोक दातात. माप अर्थातच हुकायचं. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या कित्येकांच्या बाह्या त्या वर्षी आखूड झाल्या. माझा एक शर्ट अजून आहे, तो घालून मी कुणाकडे जात नाही.

नोकरीसाठी मी म्हैसूरला आलो आणि बोगादीत घर घेतलं, तेव्हा बायको आणि मुलगी मुलीच्या शाळेपायी पुण्यातच राहिल्या. आठवडा ऑफिसात निघून जाई, रविवार मात्र खायला उठायचा. अशाच एका रविवारी हा शर्ट शिवायला टाकायला गेलो, तर दुकानाच्या उंबऱ्यातून बाहेर फुटपाथपर्यंत पांढरं कापड पसरलेलं आणि त्यावर गुडघे टेकून एक वाकलेले गृहस्थ. दुकानात विठोबाची तसबीर होती, म्हणून मराठीतच विचारलं, "मांडव का?"

"मांडव नव्हं हो, शीड," ते म्हणाले. "पाय काढा स्वल्प. तुमचा बूट वाऱ्यात आलाय."

समुद्र तिथून कितीतरी दूर. पण जवळच्याच कृष्णराजसागर धरणाच्या मागं पाणी केवढं पसरलंय हे गावातल्या लोकांनाही ठाऊक नसतं. कुणा हौशी साहेबानं बदली झाल्यावर टाकून दिलेली एक जुनी शिडाची होडी अण्णांनी तरुणपणी घेतली होती, बायकोचं नाव पुढं करून. "रुक्माक्काला हौस," असं ते सगळ्यांना सांगत. खरी हौस कुणाची ते दिसतच होतं. होडी दोघांची. अण्णा मागं सुकाणूवर, रुक्माक्का पुढच्या शिडाचे दोर धरून. बाई नऊवारीचा काचा मारून बसायच्या आणि होडी वाऱ्यानं कलली की उचललेल्या बाजूच्या काठावर जाऊन रेलायच्या. तीस-बत्तीस वर्षं दोघांचे रविवार असे गेले. मग त्या गेल्या.

मुलगा हैदराबादला. त्याचं म्हणणं साधं होतं: दुकान आणि घर बंद करा, इकडे या, एकट्यानं राहू नका. मुलगा भला होता आणि रोज फोन करायचा, त्यामुळे त्याला नाही म्हणणं आणखीच अवघड. अण्णांनी त्याच्याकडून आषाढ संपेपर्यंतची मुदत मागून घेतली. मला म्हणाले, "होडी एकट्यानं हाकता आली तर घरपण हाकता येतंय, अल्वा, नाही का? नाही आली तर जातो सुम्मने, गुमान." त्यांनी हे एवढं सरळ ठरवून टाकलं होतं. पलीकडचा काठ गाठायचा आणि परत यायचं, मदतीशिवाय.

त्यासाठी ती जुनी होडी त्यांनी माणसाला नवे कपडे शिवावेत तशी नव्यानं बेतली. त्यांचा नियम होता, "दोरासाठी जागेवरून उठायला लागलं, तर ती होडी अजून दोघांचीच." पुढच्या शिडाचे दोर कप्प्यांतून ओवून मागं त्यांच्या गुडघ्यापाशी आणले. सुकाणू क्षणभर सोडता यावं म्हणून त्याला पायजम्याचं रुंद इलॅस्टिक ताणून बांधलं. वारा वाढला तर मोठं शीड खालून दुमडता यावं म्हणून आडव्या ओळींत नाड्या शिवल्या. हे सगळं झकास जमलं. फक्त शेवटी सवयीप्रमाणे शिडाला कडक इस्त्री केली, तेव्हा ते एका बाजूनं आक्रसलं आणि पुन्हा सगळं उसवावं लागलं. शिंप्याच्या हातून कापड बिनइस्त्रीचं बाहेर जाईल कसं?

रविवारी मी त्यांना गाडीतून पाण्यावर नेऊ लागलो. माझं काम काठावर बसायचं. होडी ढकलायची नाही, दोर धरायचा नाही, ओरडून सांगायचं नाही. मी बसायचो. बायकोचा फोन आला की "जरा बाहेर आहे, कामात आहे," असं सांगायचो. खरं तर एका म्हाताऱ्याचं शीड बघत बसण्यापलीकडे मला काही काम नव्हतं, आणि त्या दिवसांत तेवढंच एक काम मला मनापासून आवडत होतं.

अडचण वजनाची होती. दोघांच्या होडीत एकटा माणूस बसला की ती पानासारखी हलकी होते, वारा तिला हवी तशी वाकवतो. अण्णांनी दुकानातली कातरणं पोत्यात ठासून भरली, तागडीवर घालून रुक्माक्काच्या वजनाएवढी केली, आणि ते पोतं तिच्या जागी नेऊन बांधलं. वळताना डाव्या हातानं गाठ सोडायची, पोतं ओढून दुसऱ्या काठाला न्यायचं, पुन्हा बांधायचं. शांत वाऱ्यात ते जमायचं. पोत्याशी ते बोलतही असत. काठावर शब्द पोचत नसत, पण मान हललेली दिसायची.

आषाढातल्या एका रविवारी वारा भरून आला. लाटांचं पाणी होडीत उडत होतं. त्यांनी आयुष्य कापडात काढलं होतं, तरी सुती कातरणं किती पाणी पितात हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पोतं भिजून दुप्पट जड झालं. तेवढ्यात वाऱ्यानं दिशा बदलली. मी काठावरून बघत होतो. अण्णा पोतं ओढत होते, पोतं हलत नव्हतं, शीड त्याच बाजूला कलत होतं, आणि होडी हळूच आडवी झाली.

मला पोहता येत नाही. मी नुसता बोंबललो. एक कोळी आपली वेताची गोल होडी घेऊन निघाला, पण पाण्यातून अण्णांचा हात वर आला, "बेडा, बेडा," नको, येऊ नको. अंगात तरंगायचं जाकीट होतं. ते आडव्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढले, पाठीमागं रेलले. होडी अर्धी उठायची आणि पुन्हा पडायची. पोतं तिला सोडत नव्हतं. शेवटी ते होडीच्या आत शिरले. बराच वेळ दिसले नाहीत. मग होडी उठली, पोत्याशिवाय.

ते काठाला आले. मी फ्लास्कमधली कॉफी दिली. कप रिकामा करून म्हणाले, "ती असती तर न सांगता उठून त्या बाजूला गेली असती. पोत्याला काय कळतंय. मीच त्याला ती समजून बसलो." मग ते रडले. रुक्माक्का गेल्यावर ते रडले नव्हते, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी वारा तसाच होता. त्यांनी मोठं शीड नाड्यांच्या दोन ओळींपर्यंत दुमडलं, पुढचं लावलंच नाही, आणि रुक्माक्काच्या जागी काहीच ठेवलं नाही. होडी लहान शिडावर, त्यांच्या एकट्याच्या वजनावर, सावकाश गेली. पलीकडच्या काठाला टेकली आणि परत आली. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. तिथूनच मुलाला फोन लावून म्हणाले, "मी इथंच राहतो. रागावू नकोस." आणि मला म्हणाले, "आता रविवारी तुम्ही पुण्याला जावा. पोरगी मोठी व्हायली. काठावर माणूस असला की माझं अर्धं ध्यान काठाकडं राहतंय."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांना एकटं राहणं येऊ लागलं आणि मी एकटा पडलो. दर रविवारी नाही, पण पुण्याला जाऊ लागलो.

यंदा अण्णा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. संध्याकाळी दुकान उघडेना तेव्हा शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. मुलगा हैदराबादहून आला, मी बायको-मुलीकडे गेलो होतो, तो पुण्याहून. सगळे विधी उरकल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी त्यांना न्यायला हवं होतं. शेवटी ते एकटेच होते ना हो?"

त्याची समजूत घालावी म्हणून मनात काही शब्द जुळवले होते, ते बाजूला ठेवले.

"एकटेच होते," मी म्हणालो. "पण त्यांना ते येत होतं."