छाती माझी, पंचायत बाजाराची

माझी मान दुखते, हे कुणी म्हणजे कुणी खरं मानलं नाही. खांदे तुटतात म्हटलं, तर "वय झालं." बोटांना मुंग्या येतात म्हटलं, तर "मोबाइल कमी बघ." अहो, माझा मोबाइल बटणांचा! त्यात बघण्यासारखं असतं तरी काय? पण सांगायचं कुणाला.

मी अलका. नाशकात गोदावरीच्या, आमच्या गंगेच्या, अंगाला भाजीबाजारात बसते. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, सगळं घरच्या मळ्यातलं. माझी छाती पहिल्यापासून भारी. बाळंतपणांनंतर तर विचारूच नका. ती ऑपरेशन करून कमी करायची की नाही, एवढाच प्रश्न होता. प्रश्न माझा, पण उत्तर द्यायला सगळा बाजार तयार! संध्याकाळी दुकानापुढं देठांचा आणि पाल्याचा ढीग साचतो ना, तसे या एका गोष्टीचे किस्से साचलेत. झाडून टाकायला गेलं की हसू येतं. म्हणून सांगते.

*

आधी गल्लीतले डॉक्टर. त्यांनी पोट दाबलं आणि म्हणाले, "गॅस आहे."

म्हटलं, "अहो, मान दुखतेय."

"तोच वर चढतो."

गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. मग हाडांचे डॉक्टर झाले. त्यांनी फोटो काढला आणि मानेला पट्टा दिला. पट्टा लावून बाजारात बसले, तर मला खाली ठेवलेला काटाच दिसेना! गिऱ्हाइकं खूश. मग पेठकडची एक बाई औषधी मुळ्या घेऊन येते, तिनं लेप दिला. मान हिरवी झाली, दुखणं जागच्या जागी.

एवढ्या जणांनी माझी मान बघितली, पाठ बघितली, जीभ बघितली. मानेच्या खाली एकाचीही नजर गेली नाही. दवाखान्यात तिथं बघायला लाजतात, आणि बाजारात सगळे तिथंच बघतात!

*

माझी थोरली, पूजा, मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. एका सकाळी मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते आणि सुतळी हातातून सारखी सुटत होती. बोटं ऐकेचनात. पूजानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मला रिक्षात घालून एका डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली.

बाई पूजापेक्षा फार मोठी नसेल. तिनं ब्लाउज काढायला लावला. ब्राच्या पट्ट्यानं खांद्यावर खोबण पडली आहे, त्यात बोट ठेवलं. अख्खं बोट बसलं! म्हणाली, "मावशी, हे कधीपासून सहन करताय?"

मी बाजारात शिव्या देते, रडत नाही. त्या दिवशी पंख्याकडं बघत बसले.

तिनं सगळं सरळ सांगितलं. छाती लहान करता येते. भूल द्यावी लागते, खुणा राहतात, बरेच दिवस ओझं उचलायचं नाही. मानेला आणि खांद्यांना आराम पडेल. बोटांच्या मुंग्या जातीलच असा शब्द देत नाही, पण असंच ओढत राहिलात तर काम होणार नाही. म्हटलं, "काढणार किती?"

"एकेका बाजूनं किलोच्या आसपास."

"बाई, पावशेर इकडंतिकडं झालं तरी चालेल, पण दोन्ही पारडी सारखी ठेवा!"

हसून हसून तिच्या हातातला पेन पडला. मग म्हणाली, "घाई नाही. घरी बोला, चार जणांशी बोला, मग ठरवा."

इथंच चुकलं तिचं!

*

चार जणांच्या आधी आमची ओळ आली. माझ्या एका बाजूला हिराबाई, कांदे-बटाट्याची. दुसऱ्या बाजूला सकिनाभाभी, लिंबू-मिरचीची. आमच्यात सगळ्याच बाया चिल्लर, किल्ली ब्लाउजात ठेवतात. पण माझ्याइतकी ऐसपैस जागा कुणाकडं? म्हणून ओळीतल्या सगळ्या मौल्यवान वस्तू माझ्याकडं. हिराबाईच्या घराची किल्ली, भाभीचा मोबाइल, कुणाची मिशरीची डबी. बसल्या जागी माझं लॉकर झालेलं!

एकदा अतिक्रमणची गाडी आली. पळापळ! ते लोक काटे उचलून नेतात, म्हणून भाभीनं तिचा छोटा काटाही माझ्याकडं दिला. मी तोही आत सरकवला आणि पदर घेऊन गरीब गायीसारखी उभी राहिले. साहेब अगदी समोर आला. म्हणाला, "काटा कुठाय?" तेवढ्यात आत भाभीचा मोबाइल वाजायला लागला. नुसता वाजेना, थरथरायलाही लागला! साहेब बघतो, न बघितल्यासारखं करतो, कान लाल.

म्हटलं, "साहेब, माझे हात मातीचे आहेत. तुम्ही उचलता का?"

गाडी पुढच्या चौकात जाऊन थांबली!

तर ऑपरेशनची बातमी ओळीत पोचली. मला वाटलं, विचारतील दुखतं का, भीती वाटते का. हिराबाई कांद्याची साल काढत म्हणाली, "ते तुझं तू बघ गं. पण मग आमच्या किल्ल्या ठेवायच्या कुठं?"

*

टेलरचं तर वेगळंच. आमचे भास्करभाऊ, बायकांचे ब्लाउज शिवतात. दरवेळी माझं माप घेताना म्हणणार, "काकू, एका पीसमधी नाय बसत, लय ओढाताण होते." आयुष्यभर मी जादा कापड देत आले. म्हटलं, ह्याला तरी आनंद होईल. सांगितलं त्याला.

त्यानं मशीन थांबवलं. चष्मा वर केला. "म्हणजे तुमचे जुने सगळे ब्लाउज उसवून बारीक करायचे?"

"मग काय, टाकून देऊ?"

"काकू, तुमच्या तब्येतीपुढं काय नाय बघा," भास्करभाऊ हात जोडून म्हणाले, "पण दिवाळीच्या आधी नका करू. गर्दी असते!"

*

नामपूरला माझी नणंद असते, आक्का. तिला कुणी कळवलं देव जाणे. फोन आला. आधी कांद्याचा भाव झाला, पाऊस झाला, मग आवाज बारीक करून म्हणते, "अलका, बाईला शोभा असते गं ती. काढून टाकल्यावर लोक काय म्हणतील?"

म्हटलं, "आक्का, लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंय का कधी? टेम्पोवाल्यांच्या तोंडून? या एकदा, बसा माझ्या जागेवर!"

आक्का मग म्हणाली, "तसं नाही गं... फोटोत तू किती भरलेली दिसतेस."

"तुम्ही फोटो ठेवून घ्या, आक्का. मी ऑपरेशन करून घेते."

बोलले तोऱ्यात. फोन ठेवला आणि बांधलेलीच जुडी पुन्हा बांधत बसले. भूल दिल्यावर जाग नाही आली तर? बाजारात माझ्या जागेवर दुसरंच कुणी बसलं तर? हे मात्र मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यालाही म्हणाले असते, "गॅस आहे."

*

आता आमचे मालक. माणूस वाईट नाही. पण माझं दुखणं सांगायला लागलं की त्यांना नेमकी विहिरीवरची मोटार चालू करायची आठवण होते. "सगळ्याच बायांना असतं, त्यात काय एवढं?" हे त्यांचं पेटंट.

एके दिवशी कोबी काढायचा होता. मी दोन चांगले गड्डे निवडले, काट्यावर ठेवून बघितले, जुन्या पिशवीत घातले आणि पिशवीचे बंद त्यांच्या गळ्यात अडकवले. "हे काय?" म्हणाले. म्हटलं, "काही नाही. सगळ्याच बायांना असतं. तुम्ही कामं करा."

हसले. मर्द गडी, दोन कोबींना काय भितो! पालकाच्या वाफ्यात वाकले, पिशवी चिखलात. उभे राहिले, पिशवी पोटावर. पाणी वळवायला खोरं उचललं, पिशवी मध्ये. शेजारचा बांधावरून ओरडला, "काय पाटील, नवस फेडताय का?" न्याहारीच्या वेळेला मानेवर बंदाची लाल रेघ उमटली. मी भाकरी वाढत होते. बघते तर पिशवी काढून आंब्याच्या बुडाशी ठेवलेली.

"काढली?" म्हटलं.

"जेवायपुरती गं. जेवायपुरती काढून ठेवली."

"बरं केलं. आता मला सांगा, मी कुठं काढून ठेवू?"

त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. म्हणाले, "करून घे ऑपरेशन." माझा जीव भांड्यात पडला! आणि लगेच पुढं म्हणाले, "पण... आई म्हणेल तसं हं."

*

मग बसली घरची बैठक. इगतपुरीहून दीर आले, रेल्वेत आहेत. मालक होते, पूजा होती. मी दाराशी. आणि मधोमध सासूबाई, पाय पसरून लसूण सोलत. हो म्हणाल्या तर ऑपरेशन, नाही म्हणाल्या तर परत पट्टा नि लेप. पूजानं डॉक्टरीणबाईकडून ऑपरेशनचा दिवस घेऊन ठेवलेला, तो तोंडावर आलेला.

सासूबाई जुन्या वळणाच्या. सासरे जाऊन किती वर्षं झाली, तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढणार नाहीत. रेशनच्या दुकानात विचारलं, तर मला पुढं ढकलायच्या, "तू सांग." मतदानाला गेल्या तरी तेच. भिंतीवर सासऱ्यांचा फोटो, त्याला रोज आमच्या मळ्यातल्या झेंडूचा हार, तो त्यांनीच घालायचा. अशी बाई मला कशाला हो म्हणतेय? मी मनातल्या मनात लेपाच्या डबीची जागा शोधायला लागले होते.

दिरांनीच सुरुवात केली. "वहिनी, राग मानू नका. पण आपल्या घरात आजवर असलं कुणी केलं नाही. आई, तूच सांग तिला."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "करू दे तिला."

दिरांना वाटलं, म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. मोठ्यानं म्हणाले, "आई, छातीचं ऑपरेशन! कापायचंय!"

"भहिरी नाय मी. करू दे म्हणले ना."

पूजानं माझा हात धरला. सासूबाईंनी ताटली बाजूला ठेवली, पदर सावरला, आणि चोळी खांद्यावरून थोडी खाली ओढली. खोबण. काळीठिक्कर. माझ्यापेक्षा खोल!

"आई!" मालक उठूनच उभे राहिले. "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले व्हते. तू कडेवर व्हता तवा. डोक्यावर भाजीची पाटी, कडेला तू. म्हणलं, खांदे तुटत्यात, काय तरी करा. तर हसू झालं माझं. वट्यावर बसून चार माणसांत सांगितलं, आमच्या बाईला तिचंच अंग जड झालंय. सगळे हसले. मग म्या परत नाय बोलले."

दीर तापले. रेल्वेतल्या साहेबासारखे उभे राहून म्हणाले, "कोण हसलं? कुणी सांगितलं चारचौघांत? नाव सांग आई, नाव!"

सासूबाईंनी ताटली परत पुढं ओढली. एक पाकळी सोलली. भिंतीवरच्या हाराकडं एकदा बघितलं. आणि शेजारच्या पोराला हाक मारावी तसं, सरळ, मोठ्यानं म्हणाल्या,

"निवृत्ती!"