किशनकाकांनी घासून आणलेला चाकू

मंडळी, जुन्या फौजी चाकूंचे मालक शोधायचा मला नाद आहे. आज त्यात माझीच चूक झाली.

चुडाव्याच्या किशनकाकांचे वडील स्टेशनवर हमाल होते. एका जखमी शिपायाने आपला चाकू त्यांच्याकडे ठेवायला दिला, तो शिपाई परत आलाच नाही. काकांनी पाठवलेल्या फोटोत मुठीजवळ, गंजाखाली शिपायाचा फौजी नंबर पुसट दिसत होता; त्यावरूनच घर शोधता येतं. मी म्हणालो, घेऊन या; साफ करू नका हे सांगायचं राहिलं.

खंडेनवमीला हत्यारं घासतात, तसा काकांनी तो धारवाल्याच्या चाकावर घासून आणला. नंबर पार गेला.

"तुमच्या घरी गंजलेलं हत्यार कसं आणू? आता लय चमकायलंय. सापडल ना त्या शिपायाचं घर?"

मी "बघतो" म्हणालो. बघायला काहीच उरलेलं नाही. तुम्ही काकांना काय सांगितलं असतं?