मोठ्या आत्याचा गुडघा

कापडगिरणीत ताके तपासणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंग म्हणत. खालून दिवा, वरून सरकणारं कापड, हातात खडू. सुटलेला धागा दिसला की मारली फुली. उभा जन्म त्यात गेल्यामुळे त्याची नजर बिघडली होती, म्हणजे गरजेपेक्षा जास्त चांगली झाली होती. चर्चमध्ये शेजारचा खरंच गातोय की नुसते ओठ हलवतोय, हेसुद्धा त्याला दिसायचं. बायको म्हणायची, "स्वर्गाच्या दारात नेऊन उभं केलं तरी तुम्ही आधी बिजागरी हलवून बघाल."

सध्या त्याचा संशय पोटच्या मुलीवर होता. येत्या रविवारी तिचं दृढीकरण होतं. त्या दिवशी मुलांनी सगळ्या मंडळीसमोर उभं राहून आपला विश्वास आपल्या तोंडानं कबूल करायचा असतो. आदल्या दिवशी पाळक आईबापांना एकच प्रश्न विचारत, पोराचा विश्वास त्याचा स्वतःचा आहे ना? आता खोट्या मालाला चांगला म्हणणं भिंगाच्या रक्तात नव्हतं. मुलगी नुसती चार लोकांत दिसावं म्हणून उभी राहणार असेल, तर आपण देवासमोर खोटी साक्ष देणार, या धास्तीनं त्याला अन्न गोड लागेना.

संशयाचं कारण ऐकाल तर हसाल. मुलगी प्रार्थना फार चांगली करायला लागली होती. घरचा नेम असा, की सकाळची प्रार्थना बापानं करायची, कामावर जायच्या घाईत, आणि संध्याकाळची मुलीनं. पूर्वी ती अडखळायची, मध्येच गप्प व्हायची. हल्ली मात्र सुरुवातीपासून आमेनपर्यंत सगळं कसं गुळगुळीत. एवढीशी पोर, हिला इतके भारदस्त शब्द आले कुठून? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यानं तिचं दप्तर उलटंपालटं केलं, गादी उचलून पाहिली, घरातली प्रार्थनेची पुस्तकं चाळली. हाती काही लागलं नाही. बायकोला आडून विचारलं, तर ती भांडी पुसता पुसता "खाण तशी माती" एवढंच म्हणाली आणि हसली. ते हसणंही त्याला बरं वाटलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसल्यावर त्यानं एकच डोळा मिटला. मुलगी सुरू झाली, "दयाळू पित्या, तुझ्या अगणित उपकारांबद्दल आम्ही तुझे आभारी आहोत. जे प्रवासात आहेत त्यांचं रक्षण कर. मोठ्या आत्याचा गुडघा बरा कर..."

"थांब!" भिंग ओरडला. आमेनच्या आधी प्रार्थना तोडायचं पाप त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं. "आत्याला जाऊन वर्ष होत आलं! आता गुडघा कुणाचा बरा करायचा? खरं सांग, कुठून पाठ केलीस?"

मुलीनं आईकडे पाहिलं. आई टेबलावर नसलेले पावाचे कण गोळा करू लागली.

"तुमचीच आहे, बाबा. सकाळची."

"माझी?"

"शब्दन् शब्द. आज सकाळीही तुम्ही आत्याच्या गुडघ्यासाठी मागितलंत. तिला पुरून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीही मागितलं होतंत. मला वाटलं, असंच करायचं असतं. देव काही ऐकत नसतो, आपण आपलं म्हणायचं."

हे तिनं रागानं म्हटलं असतं, तर भिंगाला उलट रागावता तरी आलं असतं. पण पोर साधेपणानं सांगत होती. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"मीही रोज ऐकते," ती म्हणाली. "वाटलं, कधीतरी तुमचं तुम्हालाच दिसेल. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तर बरोबर दिसतं तुम्हाला."

शनिवारी सकाळी तिघं टेबलाशी बसली. "दयाळू पित्या" म्हणताच पुढचे शब्द आपोआप रांगेनं यायला लागले. भिंगानं ओठ आवळले. मग काहीच येईना. समोर मुलगी एक डोळा उघडा ठेवून त्याला न्याहाळत होती.

"देवा," तो शेवटी म्हणाला, "माझी ताई गेली. मी रडलोही नाही, सरळ कामावर गेलो. मी तुझ्यावर रागावलोय का, तेसुद्धा मला कळत नाही. मला... पुढचं सुचत नाही."

आमेन कुणीच म्हटलं नाही. मग मुलगी अडखळत बोलली, "देवा, मलाही आत्याची फार आठवण येते. तू आहेस की नाहीस, असं कधी कधी वाटतं मला. असलास तर बाबांजवळ बस."

भिंग टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

दुपारी पाळकांनी त्याला विचारलं, "मुलीचा विश्वास तिचा स्वतःचा आहे ना?"

"आहे. तिचाच आहे," भिंग म्हणाला.

पाळकांनी मान डोलावली आणि पुढच्या मुलाच्या आईला बोलावलं. 'आणि तुमचा?' असं काही ते म्हणाले नाहीत. भिंग मात्र ते विचारतील म्हणून थोडा वेळ दारातच उभा राहिला.