वरची आकृती खाली

पहिल्या वर्षाला एक्कावन्न विद्यार्थी आणि दुसऱ्या वर्षाला बत्तीस जागा. मिनियापोलिसमधल्या ज्या विद्यापीठात रत्ना वैरागडे इंडस्ट्रियल डिझाइन शिकायला गेली, तिथे हे दोन आकडे सप्टेंबरात पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले गेले आणि एप्रिलपर्यंत कोणी पुसले नाहीत. वर्षभराचे गुण आणि एप्रिलमधला रिव्ह्यू, म्हणजे केलेलं सगळं काम भिंतीवर लावून तीन शिक्षकांना दाखवणं, यावरून बत्तीस जण पुढे जातात. उरलेल्यांनी दुसरा विषय घ्यायचा, नाहीतर पहिलं वर्ष पुन्हा करायचं.

वर्गातले बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांचे होते. रत्ना त्रेचाळीसची. तिला बत्तिसांत यायचं होतं, आणि याच वर्षी.

वर्ग साडेआठला सुरू व्हायचा. ईडन प्रेरी या उपनगरातल्या घरून ती साडेसहाला निघायची, पार्किंग रॅम्पच्या चौथ्या मजल्यावर गाडी लावायची आणि वेळ होईपर्यंत त्या रिकाम्या मजल्यावर फेऱ्या मारायची. बसून वाट पाहणं तिला जमत नाही. तिचा नवरा संजय एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तो म्हणतो, "हिला डेंटिस्टकडेसुद्धा उभं राहूनच दात दाखवायचे असतात."

नागपुरात पॉलिटेक्निकचा मेकॅनिकलचा डिप्लोमा केल्यावर रत्नाने हिंगण्याच्या एमआयडीसीत अकरा वर्षं नोकरी केली. ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणारा कारखाना, तिथला ड्रॉइंग सेक्शन. एकदा एका लिव्हरच्या मुठीचं ड्रॉइंग करताना तिने साहेबांना सांगितलं की अंगठा जिथे येतो तिथे कड आहे, चालवणाऱ्याला दिवसभर टोचेल. साहेब म्हणाले, "मॅडम, आकार ठरलाय. तुम्ही रेघा ओढा." ही गोष्ट ती अजून सांगते, आणि सांगताना साहेबांचं नाव घेत नाही.

बारा वर्षांपूर्वी ती संजयच्या मागोमाग अमेरिकेत आली. पहिली पाच वर्षं कामाची परवानगी नव्हती. परवानगी आली तेव्हा दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि दोन्हीकडे मधल्या वर्षांचं काय, असं विचारलं गेलं. मुलगी सई हायस्कुलात गेली तेव्हा रत्नाने विद्यापीठाचा अर्ज भरला. मुठीचा आकार ठरवणारं माणूस व्हायचं तर शिक्षण कुठलं, हे तिने इंटरनेटवर शोधून काढलं होतं.

पहिल्या वर्षात शिकवतात ते पाया म्हणून: हाताने रेखाटन, आकार, साहित्य, फोमची मॉडेल्स, वर्कशॉप. तासाभरात एका वस्तूची पन्नास रेखाटनं काढायची, पट्टी न लावता. रत्ना पहिल्या तासाला सात काढू शकली. सातही नीटनेटकी. शिक्षिका लिंडा हॅल्वर्सन या अठ्ठावन्न वर्षांच्या, पूर्वी गवत कापायच्या यंत्रांच्या कारखान्यात डिझाइनर होत्या. त्यांनी ती सात पाहिली आणि म्हणाल्या, "सुंदर. आता उरलेली त्रेचाळीस कुठे आहेत?" फोमचंही तेच. बाकीची मुलं हसतखेळत घासायची, तुटलं की दुसरा तुकडा घ्यायची. रत्ना आधी मापं लिहायची आणि मग घाबरत कापायची.

एकाच गोष्टीत ती सगळ्यांच्या पुढे होती: टेक्निकल ड्रॉइंग. सप्टेंबरात त्याचे दोन आठवड्यांचे पाठ होते. रत्नाने हिंगण्याच्या जुन्या शीट्स नेऊन दाखवल्या आणि त्या पाठांतून सूट मागितली. हॅल्वर्सनबाईंनी शीट्सवरून बोट फिरवलं आणि सूट दिली. ते दोन आठवडे रत्ना वर्कशॉपमध्ये फोम घासत होती.

मार्चमध्ये जोडीचा प्रयोग झाला. प्रत्येकाने एका वस्तूचं ड्रॉइंग करायचं, जोडीदाराने केवळ ते पाहून फोमचं मॉडेल बनवायचं, आणि मधल्या आठवड्यात एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. शेवटी ड्रॉइंग करणाऱ्याने मॉडेलला दहापैकी गुण द्यायचे आणि कारण लिहायचं. हा कागद थेट विद्यार्थ्याच्या फाइलला लागणार होता.

रत्नाच्या वाट्याला ॲबी शाँग आली. एकोणीस वर्षांची, सेंट पॉलमध्ये वाढलेली, आग्नेय आशियातून आलेल्या ह्माँग कुटुंबातली मुलगी, वर्गात सर्वात कमी बोलणारी. ती रत्नाला "मिस रत्ना" म्हणायची. वयाने मोठ्यांना नुसत्या नावाने हाक मारणं तिच्याही घरी चालत नव्हतं.

रत्नाने गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायच्या स्क्रॅपरची मूठ निवडली. उजव्या हाताची मूठ, जरा खाली वाकलेली, डाव्या अंगाला अंगठ्यासाठी उथळ खळगी. थंडीत जाड हातमोजा घालूनही अंगठा नेमका तिथे जाऊन बसेल अशी. शीट तिने एका दुपारी संपवली. मापं, बाण, अक्षरं, सगळं चोख. वर्षभरात पहिल्यांदाच हात न अडखळता चालला होता.

आठवड्याने ॲबीने मॉडेल आणलं. रत्नाने ते उजव्या हातात धरलं. अंगठ्याखाली सपाट फोम होता. खळगी पलीकडे होती, बोटांच्या बाजूला.

"तू उलटं केलंस," ती म्हणाली. आवाज जरा वर गेला, शेजारच्या टेबलावरची दोघं वळली.

ॲबीने शीट पाहिली, मॉडेल पाहिलं. "मी दोनदा तपासलं होतं."

"डाव्या हाताचं झालंय हे. बघ ना."

"सॉरी, मिस रत्ना," ॲबी म्हणाली.

रत्नाने कागदावर तीन गुण लिहिले. कारण: आरशातल्यासारखं उलटं, ड्रॉइंग नीट वाचलेलं नाही. कागद बाईंच्या पेटीत टाकला. तो गुरुवार होता.

शनिवारी सकाळी शीट आणि मॉडेल स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडलं होतं. संजयने मूठ उचलली आणि चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन हवेत खरवडून पाहिलं.

"हे काय, डावऱ्यांसाठी केलंयस?"

"मी नाही केलं. त्या पोरीने केलं. एवढं स्वच्छ काढून दिलं, तरी वाचता येत नाही."

सई फ्रीजमधून दूध काढत होती. शाळेत तिचा एक तास इंजिनिअरिंगचा असतो. तिने वाकून शीट पाहिली.

"आई, धिस इज द बॉटम व्ह्यू, राइट?"

"नाही गं. वरून दिसतं ते."

"देन व्हाय इज इट डाउन हिअर?"

रत्नाने शीट स्वतःकडे वळवून घेतली.

गोष्ट साधी आहे. भारतात पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात त्या पद्धतीत वस्तू वरून जशी दिसते ती आकृती मुख्य आकृतीच्या खाली काढतात. अमेरिकेत ती वर काढतात, आणि खाली काढलेली आकृती म्हणजे वस्तू खालून जशी दिसते ती. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कोणती वापरली आहे, ते शीटच्या कोपऱ्यात एका छोट्या चिन्हाने सांगायचं असतं. रत्नाच्या शीटवर चिन्ह नव्हतं. अमेरिकेत शिकलेल्या मुलीने अमेरिकेच्या पद्धतीने वाचलं, आणि डावं ते उजवं झालं. मॉडेल ड्रॉइंगबरहुकूम होतं.

रत्नाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हिंगण्याला परदेशी गिऱ्हाइकांची ड्रॉइंग्ज आली की ती पहिल्यांदा कोपऱ्यातलं चिन्ह पाहायची. एकदा विष्णू नावाच्या नव्या मुलाने ते न पाहता चाळीस ब्रॅकेट उलटे पाडून घेतले होते, तेव्हा तिने त्याला सगळ्या सेक्शनसमोर झापलं होतं. पण इथे वर्गातला प्रयोग होता, शीट तिची स्वतःची होती आणि हात सवयीने चालला. सप्टेंबरातल्या ज्या दोन आठवड्यांत वर्गाला हे शिकवलं, त्या दोन आठवड्यांची तिने सूट घेतली होती.

तिने ओटा पुसला. मग पुन्हा पुसला.

"सोमवारी सांगते बाईंना," ती म्हणाली.

"काय सांगणार?" संजय म्हणाला. "सूट चुकीची दिली म्हणून? त्या सूट कॅन्सल करतील. मग तो विषय अर्धवट राहिला. अर्धवट विषय घेऊन रिव्ह्यूला बसू देतात का?"

"नाही देत."

"मग? अजून दीड आठवडा आहे. रिव्ह्यू होऊ दे, मग सांग. यार, तू एकटीच काय ती हरिश्चंद्र?"

"तोवर तिच्या फाइलला तीन गुण राहतील."

"ती एकोणीसची आहे, रत्ना. तिला पुढचं वर्ष आहे."

"आणि मला नाही, असं म्हण ना सरळ."

संजयने कप सिंकमध्ये ठेवला. "मी तसं म्हणालो नाही."

"म्हणालास."

त्या दिवशी तिने गराज झाडलं, सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली, दुपारी गाडी काढून किराणा आणायला गेली आणि किराणा न घेता परत आली. रविवारी तिने ॲबीला मेसेज लिहिला आणि पुसला. तीनदा लिहिला, तीनदा पुसला.

सोमवारी ती हॅल्वर्सनबाईंच्या दारात आठ वाजता उभी होती. बाई म्हणाल्या बसा, ती बसली नाही. शीट टेबलावर ठेवून तिने तीन वाक्यांत सांगितलं.

बाईंनी चष्मा लावून शीट पाहिली. "चिन्ह नाही."

"नाही."

"गुरुवारी मी हे पाहायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण जोडीचे कागद मी वर्षाच्या शेवटी वाचते." त्यांनी पेटीतून तो कागद काढला, फाडला आणि रत्नाला नवा दिला. रत्नाने उभ्यानेच दहा गुण लिहिले. कारण: मॉडेल ड्रॉइंगप्रमाणे आहे, चूक ड्रॉइंगची.

मग बाईंनी राहिलेलं सांगितलं. सूट रद्द. पण नऊ दिवस आहेत. सप्टेंबरच्या पाठांच्या बाराही शीट्स इथल्या पद्धतीने करून दिल्या तर विषय पूर्ण धरता येईल आणि रिव्ह्यूला बसता येईल. "त्यात भिंतीवर लावायच्या कामाला वेळ उरणार नाही," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

ॲबी वर्कशॉपमध्ये होती. रत्नाने तिला बॅंडसॉच्या, म्हणजे पट्ट्याच्या करवतीच्या, बाजूला घेऊन सांगितलं. ॲबीने कानातले इअरफोन काढले आणि पूर्ण ऐकून घेतलं.

"मी शुक्रवारी शीटच्या फोटोवरून पुन्हा बनवलं," ती म्हणाली. "शनिवारीही. दोन्ही वेळा तसंच आलं. मला वाटलं, मला वाचताच येत नाही." तिने कचऱ्याच्या डब्याकडे हात केला. त्यात वरच निळ्या फोमच्या दोन मुठी होत्या. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात."

"हो."

"मग हेही सगळ्यांसमोर म्हणाल का?"

रत्नाने ते साडेआठच्या वर्गात म्हटलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. एकाने विचारलं की इंडियात खरंच उलटं काढतात का, आणि रत्ना म्हणाली की उलटं तुम्ही काढता. थोडे हसले. ॲबी हसली नाही.

बारा शीट्स आठ दिवसांत झाल्या. नवव्या दिवशी तिने भिंतीवर लावायला रेखाटनं निवडली. जी होती त्यातलीच, नवी एकही नाही. रिव्ह्यूत एका शिक्षकाने मुठीची सात रेखाटनं पाहून विचारलं की आठवं का नाही.

यादी मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लागली. ॲबी शाँग एकविसावी. रत्ना वैरागडे प्रतीक्षा यादीत दुसरी. उन्हाळाभर ती दिवसातून सहा-सात वेळा ईमेल पाहायची, गाडी सिग्नलला थांबली तरी पाहायची. जुलैत पहिल्या क्रमांकाच्या मुलाला जागा मिळाली. त्यानंतर यादी हलली नाही. ऑगस्टच्या शेवटी संजय म्हणाला, "मी तेव्हा सांगत होतो." ती म्हणाली, "ठाऊक आहे," आणि कपड्यांची घडी पुन्हा उलगडून नव्याने घातली.

सप्टेंबरात तिने पहिलं वर्ष पुन्हा घेतलं. झालेल्या विषयांची सूट मिळणार होती, टेक्निकल ड्रॉइंगचीही, कारण बारा शीट्स फाइलला होत्या. ती सूट तिने घेतली नाही.

पाठ काचेच्या पेटीने सुरू होतो. पेटीत लाकडी ठोकळा, हॅल्वर्सनबाई प्रत्येक काचेतून दिसतं ते मार्करने काचेवरच काढतात आणि मग बिजागऱ्यांवर पेटी उलगडतात. वरची काच वर जाते. वर्गात आता पन्नास जण, फळ्यावर पन्नास आणि बत्तीस. दुसऱ्या वर्षाच्या खोलीतून घासायच्या यंत्राचा, सँडरचा आवाज येत होता. बाई म्हणाल्या, आता तुम्ही काढा.

रत्नाने मुख्य आकृती काढली. मग पेन्सिल खाली गेली, टोक कागदाला टेकलंसुद्धा. तिने तो ठिपका खोडला आणि पट्टी वर सरकवली.